मायल क्रीक, १८३८: एक हत्याकांड, दोन खटले आणि न घेतलेली साक्ष

१० जून १८३८, रविवार. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स वसाहतीच्या उत्तर भागात, मायल क्रीक नावाच्या ओढ्याकाठी असलेल्या गुरांच्या तळावर सुमारे अठ्ठावीस माणसे मारली गेली. बहुतेक बायका, मुले आणि म्हातारी माणसे. मारणारे बारा जण होते. त्यांतल्या अकरा जणांवर सिडनीत खटला चालला आणि ते निर्दोष सुटले. पंधरवड्याच्या आत त्यांच्यातल्याच सात जणांवर दुसरा खटला चालला आणि ते फासावर गेले.

आदिवासींच्या खुनासाठी वसाहतवाल्यांना फाशी झाल्याचे हे पहिले प्रकरण, असे अनेक ठिकाणी वाचायला मिळते. ते खरे नाही. १८२० साली न्यूकॅसलच्या जॉन किर्बी नावाच्या कैद्याला बुरागाँग या आदिवासी पुढाऱ्याच्या खुनासाठी फाशी झाली होती. मायल क्रीक मला महत्त्वाचे वाटते ते दुसऱ्याच कारणासाठी. खुनाचा कायदा तिथे आधीही होता आणि नंतरही राहिला, पण आधीच्या आणि नंतरच्या असंख्य हत्यांत तो कागदावरच पडून राहिला. या एका प्रकरणात तो हलला. कोणी हलवला, कुठपर्यंत हलला आणि कुठे येऊन अडला, हे एकेका निर्णयाशी थांबून पाहायचे आहे. माणसांची नावे कोर्टाच्या कागदांत आहेत. इथे गरजेपुरतीच घेतली आहेत.

पार्श्वभूमी

सरकारने वसाहतीची हद्द नकाशावर आखून दिली होती. तिच्यापलीकडे जमीन विकत मिळत नव्हती, पण १८३६ पासून वर्षाला दहा पौंड भरले की गुरे चारण्याचा परवाना मिळे. मालक मंडळी हंटर नदीच्या खोऱ्यात आपापल्या वाड्यांत राहत आणि शेकडो मैल उत्तरेला ग्वायडर नदीच्या बाजूला गुरांचे तळ टाकत. तळावर राहायला पाठवत ती माणसे म्हणजे इंग्लंडहून काळ्या पाण्याची शिक्षा होऊन आलेले कैदी. सरकार हे कैदी मालकांना राबायला देई. घोडा आणि बंदूक त्यांच्या हातात असे. सगळ्यात जवळचा मॅजिस्ट्रेट मसलब्रुकला, म्हणजे घोड्यावरून कित्येक दिवसांच्या वाटेवर.

ही जमीन गमिलराय लोकांची. गुरे आली, तसे पाणवठे तुडवले गेले, कांगारू पांगले, बायका खणून काढत ती कंदमुळे खुरांखाली गेली. मग गुरांवर भाले पडू लागले, काही गुराखीही मारले गेले, आणि त्याचा सूड म्हणून समोर येईल त्या आदिवासी टोळीवर घोडेस्वार तुटून पडू लागले. जानेवारी १८३८ मध्ये मेजर नन यांच्या हाताखालच्या सरकारी घोडेस्वार पोलिसांनीच वॉटरलू क्रीकला गमिलराय लोकांवर हल्ला केला. त्याबद्दल कुणावरही खटला झाला नाही. जूनमधल्या त्या बारा जणांच्या डोळ्यांसमोर हे ताजे उदाहरण होते.

दुसऱ्या बाजूला लंडनहून वेगळे हुकूम येत होते. वसाहतमंत्री लॉर्ड ग्लेनेल्ग यांनी १८३७ मध्ये कळवले होते की आदिवासी हे राणीचे प्रजाजन आहेत आणि त्यांचा बळजबरीने मृत्यू झाला तर इतर कुणाच्याही मृत्यूसारखी चौकशी व्हायला हवी. १८३६ च्या मरेल खटल्यात सिडनीच्या सुप्रीम कोर्टाने आदिवासींनी आपापसांत केलेल्या गुन्ह्यांनाही इंग्रजी कायदा लागू केला होता. थोडक्यात, इंग्रजी कायदा त्यांच्यावर चालणार हे पक्के झाले होते. त्यांच्या बाजूने तो चालणार का, हे कोणी अजून पाहिले नव्हते.

त्या रविवारी काय घडले

मायल क्रीकचा तळ हेन्री डेंजर या मोठ्या जमीनदाराचा. कारभारी विल्यम हॉब्ज गुरे घेऊन नदीच्या खालच्या बाजूला गेला होता. मागे होते दोघे कैदी: खोपी सांभाळणारा जॉर्ज अँडरसन आणि गुराखी चार्ल्स किल्मिस्टर. शिवाय पील नदीकडचे दोघे आदिवासी भाऊ तळावर कामाला होते. त्यांतला एक यिंतायिंतिन. गोरे त्याला डेव्ही म्हणत.

काही आठवड्यांपासून विरायाराय गटाचे चाळीसेक लोक तळाशेजारी मुक्काम करून होते. हे गमिलराय लोकांपैकीच. किल्मिस्टरनेच त्यांना इथे बोलावले होते. संध्याकाळी तो त्यांच्या मुलांबरोबर नाचे, खेळे. त्यांनी कुणाचे काही बिघडवल्याची तक्रार नव्हती. त्या दिवशी टोळीतले दहाएक तरुण शेजारच्या तळावर झाडांच्या साली काढायच्या कामाला गेले होते.

दुपार कलल्यावर घोडेस्वारांचे टोळके तलवारी, पिस्तुले, बंदुका घेऊन आले. त्यांच्यात जमीनदार घराण्यातला एकच, जॉन फ्लेमिंग. बाकीचे कैदी किंवा शिक्षा भोगून झालेले. एक जण लिव्हरपूलचा आफ्रिकी वंशाचा होता, म्हणून मारेकऱ्यांना सरसकट गोरे म्हणणेही नेमके नाही. घोडे पाहताच मुक्कामातली माणसे धावत अँडरसनच्या खोपीत शिरली आणि आम्हाला वाचव म्हणू लागली.

पुढचा भाग अँडरसनच्या जबानीतून कळतो. रानात घोडे बांधायचा एक लांबच लांब दोर होता. दावणीला जनावरे बांधावीत तशी सगळ्यांना त्या एका दोराला बांधले. फार लहान मुलांना बांधले नाही. ती आयांच्या मागे आपोआप चालली. जी चालू शकत नव्हती ती आयांच्या पाठीवर, पॉसमच्या कातड्याच्या झोळीत होती. खोपीमागे एक लहानगे उभे होते. ते आईमागे जायला निघाले, तेव्हा अँडरसनने त्याला धरले आणि आत घेतले. दोन मुलगे ओढ्यात उडी टाकून लपले, म्हणून वाचले. रांग पश्चिमेला निघाली. ऐकू येईनासे होईपर्यंत त्यांचे रडणे ऐकू येत होते, असे अँडरसनने सांगितले. थोड्या वेळाने दोन बार ऐकू आले, त्यानंतर एकही नाही. बाकीचे काम तलवारींनी झाले.

किल्मिस्टर घोड्यावर बसून त्यांच्याबरोबर गेला होता. डेव्ही लपतछपत मागोमाग गेला आणि त्याने पाहिले.

टोळके दोन दिवसांनी परत आले आणि प्रेते जाळली.

पहिला निर्णय: कारभाऱ्याचे पत्र

हॉब्ज काही दिवसांनी तळावर परतला. मुक्काम ओस पडला होता. डेव्हीला घेऊन तो मागावर निघाला. मध्ये उघड्या पावलांचे ठसे, त्यांत लहान मुलांचेही, आणि दोन्ही बाजूंना घोड्यांच्या टापा. माग संपला तिथे अर्धवट जळालेली धडे आणि सुटी झालेली डोकी होती. त्याने मोजायचा प्रयत्न केला. वीसच्या वर तर नक्कीच. त्याचा हिशोब अठ्ठावीसपर्यंत गेला. दुर्गंधीमुळे तिथे फार वेळ उभे राहता येईना.

आता त्याने काय करायचे? गप्प बसणे सोपे होते आणि आजूबाजूला सगळे गप्पच बसत. किल्मिस्टर, म्हणजे त्याच्या हाताखालचा माणूस, कळवू नका म्हणून गयावया करत होता. मालकाला बोभाटा नको असणार हे उघड होते, आणि नोकरी मालकाच्या हातात होती. हॉब्ज काही दिवस घुटमळला. मग त्याने मालकाला आणि मसलब्रुकच्या मॅजिस्ट्रेटला लेखी कळवले. फ्रेडरिक फूट नावाच्या शेजारच्या जमीनदाराने बातमी खाली पोचवायचे अंगावर घेतले. पुढे हॉब्जची नोकरी गेली.

ते घुटमळणे महागात पडले. हॉब्जने जे स्वतः पाहिले त्याचा जागेवर कुणी पंचनामा केला नाही. मॅजिस्ट्रेट येईपर्यंत कुणीतरी जागा साफ करून टाकली होती. तरीही या प्रकरणात ज्याच्याशिवाय पुढचे काहीच घडले नसते असा एक कागद निवडायचा झाला, तर मी हॉब्जचे पत्र निवडेन. त्याच्याकडे कसलाही अधिकार नव्हता, गमावण्यासारखे मात्र होते.

दुसरा निर्णय: गव्हर्नरने कोणाला पाठवायचे

गव्हर्नर सर जॉर्ज गिप्स फेब्रुवारीतच वसाहतीत आले होते. नन यांचे प्रकरण त्यांच्या टेबलावर पडून होते आणि त्यात हात घालणे म्हणजे आपल्याच सैनिकी अधिकाऱ्याला आणि आधीच्या कारभाराला पिंजऱ्यात उभे करणे. तिथे ते कचरले, आणि ती चौकशी अखेरपर्यंत कुठेच पोचली नाही.

मायल क्रीकच्या बातमीवर करण्यासारखे तीन मार्ग होते. स्थानिक मॅजिस्ट्रेटांकडे प्रकरण सोपवायचे, पण ते स्वतः जमीनदार होते. प्रकरण तिथेच विरले असते. सैन्य पाठवायचे, पण जानेवारीत सैन्याने काय केले ते दिसलेच होते. तिसरा मार्ग म्हणजे मसलब्रुकचे पगारी पोलीस मॅजिस्ट्रेट एडवर्ड डेनी डे यांना घोडेस्वार देऊन थेट तपासाला पाठवायचे. डे पगारी होते, जमीनदारांच्या वर्गणीवर जगत नव्हते. गिप्सनी हा मार्ग घेतला आणि तो बरोबर ठरला. डे यांनी तळातळावर जाऊन जबाब घेतले, जागेवरच्या राखेतून जबड्याचा तुकडा, दात, बरगडीचे हाड असे जे हाती लागले ते गोळा केले, आणि बारापैकी अकरा जणांना बेड्या घालून आणले.

बारावा म्हणजे फ्लेमिंग. तो आधीच दक्षिणेकडे सटकला होता. त्याच्यावर बक्षीस लागले, पण तो कधीच सापडला नाही. पुढे तो हॉक्सबरी नदीकाठी आपल्या लोकांत प्रतिष्ठित शेतकरी म्हणून जगला आणि म्हातारा होऊन १८९४ साली वारला. तो अगदी दडून राहिला होता असे म्हणवत नाही. त्याला लपवायला आख्खा समाज तयार होता. अकरा कैदी पकडायला कायद्याचे हात पुरले, जमीनदाराच्या मुलापर्यंत पोचायला पुरले नाहीत. या प्रकरणाचा पहिला तडा इथे आहे.

अडचण: सिद्ध कसे करायचे

अ‍ॅटर्नी जनरल, म्हणजे वसाहतीचे मुख्य सरकारी वकील, जॉन ह्यूबर्ट प्लंकेट. आयरिश कॅथलिक माणूस. त्यांच्या हातात काय होते?

अँडरसनने माणसे बांधून नेताना पाहिली होती, मारताना नाही. हॉब्जने प्रेते पाहिली होती, मारेकरी नाही. मधला दुवा परिस्थितीजन्य पुराव्याने जोडायचा होता. त्यात इंग्रजी कायद्यातली जुनी मेख अशी की खुनाच्या आरोपात मेला कोण ते दाखवावे लागते. इथे डोकी धडांपासून सुटलेली आणि धडे जळालेली. हॉब्जला एक मोठ्या अंगाचे धड ओळखीचे वाटले होते. टोळीत एक धिप्पाड म्हातारा होता, तळावरचे लोक त्याला डॅडी म्हणत. ते धड त्याचेच असावे, एवढेच हॉब्ज सांगू शकत होता.

वरून विरोध. हंटरच्या जमीनदारांनी वर्गणी काढून आरोपींसाठी सिडनीतले नामांकित वकील दिले. ‘सिडनी हेरल्ड’ हे पत्र खटल्यावर पैसा उधळण्याच्या विरोधात आग ओकत होते. ‘सिडनी मॉनिटर’ आणि ‘कॉलनिस्ट’ने मात्र खटल्याची बाजू धरली. आणि पंचांच्या, म्हणजे निकाल देणाऱ्या ज्युरीच्या बाकावर बसणार होते याच समाजातले बारा पुरुष.

डेव्हीची शपथ

प्रत्यक्ष पाहणारा एक साक्षीदार होता. तळावरच होता, इंग्रजी बोलत होता. त्याला कोर्टात उभे करता आले नाही, कारण तो ख्रिस्ती नव्हता.

नुसते असे म्हटले तर मात्र चुकेल, आणि इथे आपल्याकडचा एक जुना दाखला उपयोगी पडतो. ओमीचंद विरुद्ध बार्कर या १७४४ च्या दाव्यात इंग्लंडच्या चॅन्सरी कोर्टासमोर कलकत्त्याच्या हिंदू साक्षीदारांचे जबाब आले होते. त्यांनी ब्राह्मणाच्या पायाला हात लावून, आपल्या रीतीने शपथ घेतली होती. कोर्टाने ते जबाब ग्राह्य धरले. साक्षीदार ख्रिस्ती असलाच पाहिजे असे नाही. देवावर आणि मेल्यानंतरच्या पाप-पुण्याच्या फळावर त्याचा विश्वास असला म्हणजे पुरे, कारण त्या भीतीनेच तो खोटे बोलणार नाही, अशी त्यामागची मांडणी. हिंदू, मुसलमान, ज्यू अशा सगळ्यांना या दाराने आत येता आले. आदिवासींसाठी तेच दार बंद झाले, कारण त्यांना असा देवच नाही, असे कोर्टांनी गृहीत धरले. विरायाराय लोक काय मानत होते, ते त्यांना कोणी विचारले नव्हते.

आणि कायदा बदलत नव्हता असेही नाही. हिंदू-मुसलमानांना गंगाजलावर किंवा कुराणावर शपथ घ्यायला संकोच वाटतो आणि त्याने न्यायात अडथळा येतो, म्हणून हिंदुस्थानात कंपनी सरकारने १८४० च्या पाचव्या कायद्याने त्यांच्यासाठी साधी प्रतिज्ञा चालेल असे ठरवले. जिथे कोट्यवधी लोकांचा कारभार चालवायचा होता, तिथे अडचण दिसली की वाट निघाली. न्यू साउथ वेल्समध्येही १८३९ साली गिप्स यांच्या कौन्सिलने आदिवासींची साक्ष घेता यावी म्हणून कायदा केला. लंडनने तो नामंजूर केला. पुढे १८४३ साली ब्रिटिश संसदेने वसाहतींना तशी मुभा दिली, तेव्हा वसाहतीच्याच कौन्सिलने, जिच्यात जमीनदार भरलेले होते, विधेयक पाडले. ही साक्ष तिथे कायद्यात बसायला १८७६ साल उजाडले.

एकाच साम्राज्यातल्या या दोन तारखा, १८४० आणि १८७६, शेजारी ठेवून पाहिल्या की मला राग येतो. मधल्या छत्तीस वर्षांत सरहद्दीवर जे झाले ते पाहणारी माणसे होती. कोर्टाच्या लेखी ती मुकी होती.

पहिला खटला आणि तिसरा निर्णय

१५ नोव्हेंबर १८३८. मुख्य न्यायाधीश जेम्स डाउलिंग यांच्यासमोर अकराही जण. प्लंकेट यांनी आरोप ठेवला तो डॅडीच्या आणि एका अनोळखी आदिवासी पुरुषाच्या खुनाचा. सगळ्या अठ्ठावीस खुनांचा नाही. डाउलिंग यांनी पंचांना बजावले की कायद्याच्या नजरेत काळ्या माणसाचा जीव गोऱ्याच्या जिवाइतकाच मोलाचा आहे. पण सापडलेले धड डॅडीचेच की नाही या शंकेला बचावाच्या वकिलांनी पुरेपूर ताणले. पंच बाहेर गेले आणि पाव तासाच्या आसपास परत आले: निर्दोष. कोर्टात टाळ्या पडल्या.

या क्षणी प्रकरण संपवणे सगळ्यांच्या सोयीचे होते. सरकारने प्रयत्न केला, लंडनला दाखवायला खटला झाला, पंचांनी कौल दिला. प्लंकेट यांनी मात्र त्याच वेळी आरोपींना सोडू नये, दुसऱ्या आरोपांसाठी कोठडीत ठेवावे अशी मागणी केली. पहिल्या आरोपपत्रात बाकीच्या मृत्यूंचा आरोप ठेवलाच नसल्यामुळे ते अजून शिल्लक होते. हे त्यांनी आधीपासून योजून ठेवले असेल की नाही, यावर वाद घालता येईल. माझ्या मते जाणत्या फौजदारी वकिलाने ही खबरदारी न घेणेच नवल. अठ्ठावीस खून एकाच आरोपपत्रात घातले असते तर एका ‘निर्दोष’ने सगळेच गेले असते.

दुसरा खटला

नोव्हेंबरअखेर न्यायमूर्ती विल्यम बर्टन यांच्यासमोर दुसरा खटला उभा राहिला. या वेळी पिंजऱ्यात सातच जण होते. चौघांना बाजूला ठेवले, म्हणजे त्यांच्यापैकी कोणी तोंड उघडेल ही वाट मोकळी राहिली. कोणीही उघडले नाही. बचावाने एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला चालवता येत नाही असा आक्षेप घेतला. तो फेटाळला गेला, कारण या वेळचा आरोप एका मुलाच्या खुनाचा होता. काही कलमांत त्या मुलाचे नाव चार्ली असे घातले होते, काहींत नाव नसलेले आदिवासी मूल एवढेच.

अँडरसन पुन्हा उभा राहिला. जन्मठेपेचा कैदी, ज्यांच्याविरुद्ध बोलायचे त्यांच्यातच परत जाऊन राहायचे. सुटकेच्या लोभाने बोलतोस का, असे उलटतपासणीत सुचवले गेले. त्याचे उत्तर असे की मी बक्षीस मागितलेले नाही, मला फक्त संरक्षण हवे. खोपीच्या दारात त्या दिवशी तो काहीच करू शकला नव्हता. मला वाटते, साक्षीच्या पिंजऱ्यात तो तेच भरून काढत होता. हा माझा अंदाज आहे, पण त्याची जबानी वाचताना तो टाळता येत नाही.

पंचांनी सातही जणांना दोषी धरले. चार्लीचे नाव घातलेली कलमे टिकली नाहीत. टिकली ती नाव नसलेल्या मुलाची.

फाशीविरुद्ध अर्जांचा पाऊस पडला. गिप्स आणि त्यांच्या कार्यकारी मंडळाने ते फेटाळले. १८ डिसेंबर १८३८ रोजी सकाळी सिडनीच्या तुरुंगात सातांना फाशी झाली. मरण्याआधी त्यांनी तुरुंगाधिकाऱ्याकडे कबुली दिल्याचे गिप्स यांनी लंडनला कळवले. आम्ही मारले, पण मालकांच्या मालमत्तेच्या रक्षणासाठी. असे मारणे इतके चालायचे की ते कायद्याविरुद्ध आहे हे आम्हाला माहीतच नव्हते. या कबुलीतला शेवटचा भाग खोटा म्हणून झटकून टाकू नये असे मला वाटते. त्यांना शिकवणारे त्यांच्याबरोबर फासावर नव्हते.

उरलेल्या चौघांचे काय

प्लंकेट यांना चौघांवरही खटला चालवायचा होता, आणि त्यासाठी डेव्ही हवा होता. त्याला ख्रिस्ती धर्माची शिकवण देऊन शपथेला लायक करायचे असा विचार होता. पण वेळ आली तेव्हा डेव्ही सापडेना. पुन्हा तो कधीच समोर आला नाही. त्याला मुद्दाम दूर केले असा संशय तेव्हापासून आहे. फेब्रुवारी १८३९ मध्ये चौघांना सोडून द्यावे लागले.

परिणाम

सीमेवर माणसे मारणे थांबले नाही. लोक तोंड मिटायला शिकले. पत्र लिहिणारा कारभारी, साक्ष देणारा कैदी पुन्हा मिळणार नाही याची काळजी घेतली जाऊ लागली. बंदुकीचा आवाज होतो, जळालेल्या हाडांचा पुरावा राहतो. मग पिठात विष कालवले जाऊ लागले. १८४२ साली आताच्या क्वीन्सलँडमधल्या किलकॉय तळावर आदिवासींना विष घातलेले पीठ दिले गेले. त्या प्रकरणात कुणावरही खटला झाला नाही.

दुसरी बाजूही नोंदवायला हवी. या खटल्यामुळेच मायल क्रीकचे आज आपल्याला एवढे कळते. इतर ठिकाणच्या हत्या अंदाजाने सांगाव्या लागतात, इथे शपथेवरचे जबाब आहेत. त्या जबाबांच्या आधारावर १० जून २००० रोजी मायल क्रीकला स्मारक उभे राहिले. उद्घाटनाला मारले गेलेल्यांचे आणि मारणाऱ्यांचे, दोघांचेही वंशज आले होते. २००८ साली ती जागा ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय वारसा यादीत घेतली गेली. दर जूनमध्ये लोक तिथे जमतात आणि त्या वाटेने चालतात.

वेगळे काय करता आले असते

एक तर डेव्हीला पहिल्या दिवसापासून सांभाळायला हवे होते. डे जुलैअखेर तळावर पोचले, तेव्हाच त्याला आणि त्याच्या भावाला सिडनीला, सरकारच्या देखरेखीखाली आणता आले असते. शपथेची अडचण तेव्हाही होती, पण ती दूर करण्याचा प्रयत्न १८३९ मध्ये होणारच होता, पुढे लंडनने तो हाणून पाडला तरी. त्याला डेंजरच्याच तळावर ठेवणे म्हणजे ज्याचे नुकसान होणार त्याच्याच हाती साक्षीदार सोपवणे. आपल्याकडे आजही साक्षीदार फुटतो किंवा नाहीसा होतो ते बहुतेक अशाच ठिकाणी, जबाब आणि तारीख यांच्या मधल्या काळात.

फ्लेमिंगच्या बाबतीत बक्षीस लावून थांबायला नको होते. त्याचे घराणे, त्याची जमीन, त्याचे गोत सगळे माहीत होते. आसरा देणाऱ्या एखाद्यावर जरी खटला झाला असता तरी ते वर्तुळ हलले असते. तसे केले नाही, कारण गिप्स यांना जमीनदारांशी एवढीच लढाई परवडत होती असे दिसते. नन यांच्या बाबतीतही तेच. त्या चौकशीने आधी बळ धरले असते, तर जूनमध्ये ते टोळके एवढ्या निर्धास्तपणे दिवसाढवळ्या आले असते का, हा प्रश्न उरतोच.

डॅडीच्या धडावर पहिला आरोप उभा करणे हा माझ्या दृष्टीने चुकलेला डाव होता. ओळखीचा पुरावा तिथे सगळ्यात लंगडा होता. लहान मुले दोरामागून चालत गेल्याचे अँडरसनने पाहिलेच होते, आणि पंचांना मुलाच्या मृत्यूपासून नजर वळवणे जास्त जड जाते. पण हे दुसऱ्या खटल्याचा निकाल माहीत असताना म्हणणे सोपे आहे, हेही कबूल.

आणि शेवटी, सालींच्या कामाला गेलेले ते दहा तरुण. त्या दिवशी ते जिवंत होते, जवळपास होते, आणि दोराला बांधलेली माणसे त्यांच्या बायका, आया, मुले होती. त्यांची शपथ चालणार नव्हती हे खरे. पण नावे लिहून घ्यायला शपथ लागत नाही. डे यांच्या घोडेस्वारांनी तळातळावर जाऊन जबाब घेतले, त्यांत या दहांपैकी एकाचाही नाही. कोर्टाच्या कागदांत मेलेल्यांची जी नावे आहेत ती गुराख्यांनी ठेवलेली आहेत: डॅडी, सँडी, मार्था, जोई, चार्ली. ज्या मुलाच्या खुनासाठी सात माणसे फासावर गेली, त्याच्या नावाच्या जागी आरोपपत्रात ‘अज्ञात’ एवढाच शब्द आहे.